पोटातली झडप

दादाने आयुष्यात एकही कागद हरवला नव्हता. भंगारात जाऊन दहा वर्षं झालेल्या पंख्याचं गॅरंटी कार्डसुद्धा त्याच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेलं होतं. "पंखा मेला, दाखला जिवंत आहे," असं वहिनी चिडवायची. दादा शांतपणे म्हणायचा, "कागद आहे तर माणूस आहे."

दादा डक्ट बसवणारा फोरमन. थंड हवा वाहून नेणारे पत्र्याचे चौकोनी नळ छताखालून फिरवायचे, हे त्याचं काम. त्याच डक्टचं मॉडेल त्याची धाकटी बहीण ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर करायची, आणि त्यातूनच मागवायच्या मालाची यादी निघायची. वडील गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती. "मी पत्रा ठोकतोय तेवढं पुरे, तू खुर्चीत बसून काम कर," असं म्हणून त्यानेच तिला शिकवलं. हॉस्पिटलचं काम दोघांना एकत्र मिळालं, तेव्हा तो साइटभर सांगत सुटला, "यादी माझ्या बहिणीची आहे, डोळे मिटून बसवा."

डोळे मिटूनच बसवलं, आणि तिथेच घात झाला.

डक्ट जिथे भिंतीतून आरपार जातो तिथे एक खास तुकडा लागतो, आणि त्या तुकड्याच्या पोटात एक झडप. आग लागली की ती आपोआप मिटते आणि धूर पलीकडे जाऊ देत नाही. बहिणीने मॉडेलमध्ये तुकडा केला, झडपही केली, झडप तुकड्याच्या पोटात बसवली. दिसायला सगळं झकास. पण पोटातली वस्तू यादीत वेगळी मोजली जायला हवी असेल, तर एका बारीक चौकटीत टिक करावी लागते. ती राहिली. मॉडेलमध्ये झडपा अडतीस, यादीत एकही नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे वळसा घालायचंही कुणाला सुचलं नाही. यादी छापून तिने दादाच्या हातात दिली, त्याने तीवरून माल मागवला, आणि तुकडे मोकळेच आले.

दादाला शंका आली होती, हे तिला आता विसरता येत नव्हतं. त्याने फोन केला होता. "चिमे, या भिंतीतल्या तुकड्यांत झडप नसते का गं?"

तिचे तीन मजले बाकी होते आणि ऑफिसातले साहेब डोक्यावर बसले होते. "दादा, यादीत आहे तेवढंच बसव ना! कॉम्प्युटर मोजतो, मी नाही," असं ती फाडकन बोलली.

तो हसला. "बरं बाई, तू म्हणशील तसं."

हॉस्पिटल सुरू झालं आणि सातव्या महिन्यात तळमजल्यावरच्या चादरींच्या खोलीने पेट घेतला. आग खालीच विझली, पण धूर डक्टमधून वरच्या वॉर्डात पोचला. तिथे हाडं मोडलेली माणसं होती, उठून पळता न येणारी. दोघं गेली. त्यातली एक बाई बहिणीच्याच वयाची होती.

चौकशी लागली. तुकडे उघडले, तर आत झडपा नाहीत. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही दादाची.

त्याच दुपारी बहिणीने मॉडेल उघडलं. टिक नसलेली ती चौकट दिसली. ती तडक साहेबांकडे गेली. साहेबांनी दार लावून घेतलं.

"कुणाला बोललात?"

"नाही सर. पण सांगावं लागेल."

"एक दिवस थांबा. वकिलाशी बोलतो. मुलगी केवढी तुमची? तीन वर्षांची ना?"

ती थांबली. चौकट राहिली ही चूक होती, चूक कुणाचीही होते. पण तो एक दिवस थांबणं हे पाप होतं, आणि ते तिचं एकटीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडली, तर चौकटीत टिक होती. यादीत झडपांच्या अडतीस ओळी एकीखाली एक उभ्या. तीच यादी, जुनी तारीख घालून, साहेबांनी चौकशीला पाठवलीसुद्धा होती. इमारतीची मूळ कागदपत्रं तळमजल्यावरच होती, बंबाच्या पाण्याने त्यांचा लगदा झाला होता. खरी यादी आता एकाच ठिकाणी उरली होती, दादाच्या डब्यात.

ती धावत चौकशीच्या खोलीत पोचली. दादा टेबलाशी अंग चोरून बसला होता. तिने धापा टाकत सगळं सांगितलं. अधिकाऱ्याने यादी तिच्यापुढे सरकवली.

"बाई, यात तर झडपा आहेत."

"ही नंतर बदललीय! खरी दादाकडे आहे. तो कागद कधीच हरवत नाही. दादा, सांग ना!"

दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. "हरवली, साहेब," तो म्हणाला.

"दादा!"

"माझी बहीण आहे. मला वाचवायला सगळं स्वतःवर घेतेय. यादीत झडपा होत्या. मागवायच्या मीच विसरलो."

अधिकाऱ्याने सुस्कारा सोडला. "भावासाठी जीव तुटतो, कळतं मला. पण खोटी साक्ष गुन्हा आहे, बाई. घरी जा."

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. संन्यासी स्वतःच दोर गळ्यात घालून घेतो, हे नव्हतं ऐकलं.

ती दादाच्या घरी गेली. डबा उघडाच पडला होता. सगळे कागद जागच्या जागी होते, वर पंख्याचं कार्ड. यादी तेवढी नव्हती.

वहिनी ओले हात पुसत बाहेर आली. "काय शोधतेस? सकाळी जाताना यांनी मोरीत बसून काहीतरी जाळलं. विचारलं तर म्हणाले, चिमीची पोर लहान आहे. मला काही उमजलं नाही. कसला कागद होता गं?"

तिने वहिनीचा ओला हात धरला, तिला खाली बसवलं, आणि दादाच्या त्या फोनपासून सांगायला सुरुवात केली.