आईच्या डोहातले मासे

त्या वर्षी पाऊस पाहुण्यासारखा आला आणि जावयासारखा बसून राहिला, असं आमच्या गावचा पांडू म्हणायचा. दसरा होऊन गेला तरी पागोळ्या थांबेनात. गौतमीची दुपटी मी चुलीवरच्या काठीला टांगून वाळवायचे, त्यामुळे माझ्या तान्ह्या लेकीच्या अंगाला पावडरीऐवजी धुराचा वास यायचा. मागच्या पडवीत खेकडे बिनधास्त हिंडत. गणपती गेले की गप्प होणारे बेडूक अजून ओरडत होते. आणि खाली नदीकाठच्या खाचरांत भात आडवं झालं होतं. पडल्या लोंब्यांना जागच्या जागी हिरवे मोड फुटले होते. सासूबाई रोज बांधावर जाऊन एक लोंबी खुडून आणायच्या, तळहातावर चुरडायच्या आणि कोंबड्यांपुढे टाकायच्या.

आमचं गाव पोलादपूरच्या अलीकडे, नदीच्या वळणावर. वळणाच्या तोंडाशी एक काळा कातळ आडवा पडलाय आणि त्याच्यामागे डोह. आईचा डोह. काठावर आईचं, म्हणजे आमच्या गावदेवीचं, लहानसं देऊळ. डोहात हाताएवढ्या लांब, जाड खवल्यांचे मासे. ते कुणी धरत नाही, कुणी खात नाही. शिमग्यानंतर नदीत नुसते गोटे उरतात, तेव्हा गावाला पाणी तो डोहच देतो. भात झोडून झालं की नव्या तांदळाची पहिली मूठ शिजवून आधी डोहात सोडायची. माशांनी तोंड लावलं की मगच घरोघर नवा भात शिजतो. तो मान आमच्या घराचा, म्हणजे सासूबाईंचा. राहीबाई त्यांचं नाव. आम्ही सुना त्यांना आत्या म्हणतो.

त्याच कातळावर धरणाची भिंत घालायची, असं महाडकरांचं म्हणणं होतं. आदल्या साली महापुराने बाजारपेठ बुडवली होती. वरून येणारं पाणी इथेच अडवलं तर खालचं शहर वाचेल, असा हिशेब. फक्त आमच्या गावाने सभेत हात वर करून ठराव द्यायला हवा होता. ठराव झाला की डोह, देऊळ आणि नदीकाठची सगळी खाचरं कायमची पाण्याखाली.

आणि तो ठराव मागायला येणाऱ्या मंडळींत माझे अप्पा होते.

अप्पा, म्हणजे कुशाबा टेलर. मुंबईतली गिरणी बंद पडल्यावर शिवणकाम शिकून ते महाडला परतले आणि बाजारात एक मशीन टाकून बसले. महापुरात दुकान गेलं. स्वतःचं काय गेलं ते त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. लोकांनी विश्वासाने शिवायला टाकलेलं कापड चिखलात गेलं, ते मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. पाणी उतरल्यावर त्यांनी एकेक कापड धुतलं, इस्त्री केली आणि ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिलं. डाग गेले नव्हते. पुढच्याच श्रावणात पाणी पुन्हा दुकानात शिरलं आणि मशीनच्या पायडलला लागून परतलं. माझी आई सांगायची, पावसाचा जोर वाढला की हे जेवता जेवता उठतात आणि नदी बघून येतात.

सभेच्या दिवशी ते बाकीच्या मंडळींच्या आधीच आमच्याकडे आले. छत्री मिटून पिशवीतून गौतमीसाठी शिवलेली दोन झबली काढली.

"या व्याहीबुवा," आत्या ओटीवरूनच म्हणाल्या. "लेकीकडं आलाव का आमचा डोह मागायला?"

"दोन्हीसाठी, विहीणबाई. चहा मिळेल ना?"

"चहा मिळंल. त्याला काय सभेचा ठराव लागत नाय."

अप्पा हसले. मग ओटीवरच्या झोळीशी गेले. ती झोळी त्यांनीच शिवलेली. माझ्या आईच्या दोन जुन्या लुगड्यांची, मऊ, आणि कडांना दुहेरी शिलाई. त्यांनी सवयीने टाके बोटाने चाचपून बघितले, गौतमीला हळूच एक झोका दिला. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते खाली खाचरांकडे बघत होते. रात्रीच्या पावसाने नदी काठ ओलांडून आत आली होती, भातावर तांबडं पाणी पसरलं होतं.

"अनू, तुला मी काही विचारणार नाही," ते म्हणाले. "तूही मला काही सांगू नकोस. तिथं मी बाजारातला माणूस म्हणून बोलेन. चालेल?"

मी मान हलवली. काय सांगणार होते? इकडे डोह, तिकडे अप्पा. माझं मलाच कळत नव्हतं.

सभा शाळेच्या पडवीत होती. जितेश, माझे यजमान, बिरवाडीला कंपनीत पाळीवर गेलेले, म्हणून घरातून आत्या आणि मी. गौतमी माझ्या कडेवर. मी झोळीही सोडून बरोबर घेतली होती. सभा लांबली तर पडवीच्या खांबांना बांधून पोरीला निजवता येईल म्हणून.

तालुक्याचे पुढारी भाऊ बोलायला उभे राहिले. माणूस तसा वाईट नव्हता. महापुरात स्वतः होडीतून लोकांना भाकऱ्या वाटत फिरला होता.

"हवामान बदललंय, मंडळी," ते म्हणाले. "हे मी नाही म्हणत, जगातले शास्त्रज्ञ म्हणतात. यापुढं पाऊस असाच पडणार. पडला तर फाटून, नाहीतर नाहीच. मोठमोठ्या देशांत त्यावर परिषदा चालल्यात."

"त्यांच्यात पन डोह बुडवतात काय?" मागून एका बाईने विचारलं. बायकांत हसू पिकलं.

"त्यांच्यातलं त्यांना ठाऊक. आपल्यातलं आपण बघू. तुमचेच व्याही आलेत, त्यांचं ऐका."

अप्पा उभे राहिले. त्यांना भाषण येत नाही. त्यांनी गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळली, परत सोडली.

"माझ्याकडं एका पोरीचं लग्नाचं पोलकं होतं," ते म्हणाले. "तयार होतं, हुक लावायचे राहिलेले. पाणी आलं तेव्हा मी माळ्यावर होतो. ते खाली तरंगताना दिसत होतं, हात पोचत नव्हता. नंतर ते मी त्यांच्या घरी नेऊन दिलं. पोरीची आई म्हणाली, राहू दे मामा, तुमचा काय दोष? तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच. तुमचं देऊळ बुडावं असं मला वाटत नाही. पण आणखी कुठं सांगायचं तेही कळत नाही."

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. आमचे सरपंच मालोजी खाकरले आणि म्हणाले, "मग... ठरावाच्या बाजूने जे असतील त्यांनी..."

तेवढ्यात पांडू धावत आला. गुडघ्यापर्यंत चिखल. "मालोजीदादा, सभा ऱ्हाऊ द्या! डोहातलं मासं राहीबाईच्या खाचरात आलंत! बांध फुटलाय, पानी सगळं चाललंय भायेर, न् वर घारी फिरत्यात!"

आत्या इतक्या पटकन उठल्या की त्यांना गुडघेदुखी आहे हे मी विसरले. त्यांच्यामागे सगळी पडवी उठली. भाऊ म्हणाले, "अहो, मंडळी, ठराव तर..." पण ऐकायला उरलं होतं कोण?

खाचरात घोट्याएवढं पाणी राहिलं होतं. रात्री नदीबरोबर वर चढलेले मासे पाणी उतरताना आडव्या भातात अडकले होते. त्यांच्या काळ्या पाठी उघड्या पडल्या होत्या. शेपट्यांच्या फटकाऱ्यांनी लोंब्या हलत होत्या. बांधावर बगळे रांगेने येऊन बसले होते आणि दोन कुत्री जिभा काढून उभी होती. भाऊंच्या जीपचा ड्रायव्हर बांधावर उकिडवा बसला.

"काय मासे आहेत! एक न्यायला हरकत नाही ना?"

"न्या की," पांडू म्हणाला. "फकस्त घरात सांगून ठेवा, रात्री पोटात पोहायला लागला तर आमच्याकडं औषध नाय."

ड्रायव्हरने हात मागे घेतला.

बायकांनी आधी पाट्या आणि बादल्या आणल्या. मासा पाटीत मावेना. बादलीत डोकं खाली घालून ठेवला की उसळी मारून चिखलात. एकाची खवलं निघून रक्त आलं. आत्या कळवळल्या. "अरे, हळू रे! लेकरागत धरा!"

अप्पा पँट दुमडून खाचरात उतरले. "असं नाही व्हायचं. मऊ कापड लागेल, ओलं. अनू, ती झोळी दे."

मी खांद्यावरची झोळी दिली. त्यांनी ती पाण्यात भिजवली, माशाच्या पोटाखालून अलगद सरकवली आणि एक टोक आत्यांच्या हातात दिलं. "विहीणबाई, ताणू नका. सैल धरा, पोटाला आकार येऊ द्या."

"मला नका शिकवू. पाच पोरं झोपवलीत मी झोळीत."

दोघं बांधावरून निघाले. पुढे आत्या, मागे अप्पा, मध्ये झोळीत मासा. घटकेपूर्वी समोरासमोर बसलेली ही दोन माणसं आता पाय घसरू नये म्हणून एकमेकांच्या चालीने चालत होती.

"दम लागला काय, व्याहीबुवा?"

"मासा जड आहे तुमचा. नव्या भातावर माजलाय."

"मग? आमच्या घरचं खातो तो."

ते बघून बाकीच्यांनीही डोक्यावरचे टॉवेल, गोणपाटं, धोतराची पानं पुढे केली. सभेला आलेले महाडचे दोन दुकानदारही चपला काढून उतरले. मी गौतमीला घेऊन बांधाबांधाने मागे चालत होते. ती आपली झोळी लोक पळवून नेतात हे बघून भोकाड पसरत होती.

अर्ध्या कामात भाऊंना निरोप आला. कशेडी घाटात दरड कोसळली होती, ट्रक अडकले होते. जाता जाता ते मालोजींना म्हणाले, "तुमचं ठरेल ते कळवा." मग थोडं थांबून, "आणि मासे जपा," असंही म्हणाले. ते चेष्टेने म्हणाले असं मला तरी वाटलं नाही.

डोह गढूळ झाला होता, पण कातळाच्या आडोशाला पाणी संथ होतं. तिथे एकेक मासा सोडला. बरेचसे शेपूट मारून खोल गेले. काही तरंगलेच. ते आत्यांनी बाजूला काढले आणि देवळामागे खड्डा करून, हळद वाहून पुरले.

सर्वात मोठा मासा आडवा होत होता. अप्पा मांडीभर पाण्यात उभे राहिले. दोन्ही तळहातांनी त्यांनी त्याला सरळ धरलं, तोंड प्रवाहाकडे. कपड्याच्या घडीवरून फिरवावा तसा अंगठा त्याच्या पाठीवरून फिरत होता. पाऊस पुन्हा सुरू झाला, कुणीतरी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग माशाचे कल्ले जोरात हलले, त्याने एक फटका मारला, अप्पांच्या तोंडावर पाणी उडालं आणि हात रिकामे झाले.

ते तसेच वाकून बघत राहिले. "भिंत इथंच ना?" त्यांनी विचारलं.

"हितंच," आत्या म्हणाल्या. "तुमी उभं हाव तितं."

अप्पांनी तोंड पुसलं. पाण्यातून वर यायला त्यांना माझा हात लागला. त्यांची बोटं गार पडली होती.

सगळे ओलेचिंब परत पडवीत आले. मालोजींनी कुणाला भाषण करू दिलं नाही. ठरावाच्या बाजूने आधी विचारलं. वरच्या आळीतल्या, ज्यांची शेती बुडणार नव्हती त्यांचे काही हात वर गेले. धरणावर काम मिळेल अशी आशा असलेल्या दोघाचौघांचे गेले. मग ते म्हणाले, "आता विरोधात."

आत्यांचा हात गेला. पांडूचा गेला. एकामागून एक जात राहिले. मालोजी मोजायला लागले. मी जागच्या जागी उभी. कडेवर गौतमी, दुसऱ्या हातात ओल्या झोळीचं बोचकं. हात मोकळा नाही, असं स्वतःला सांगत होते. समोर भिंतीशी पाहुण्यांत अप्पा उभे होते. पँटमधून पाणी निथळत होतं. तिकडे बघायचं नाही असं ठरवून मी तिकडेच बघत होते. पुढच्या श्रावणात ते पुन्हा ताटावरून उठतील, छत्री घेऊन नदीवर जातील, हेच डोळ्यांपुढे येत होतं.

मालोजी मोजत मोजत बायकांपाशी आले.

अप्पा भिंतीपासून निघाले. सगळ्यांमधून वाट काढत माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पसरले.

"पोरीला इकडं दे," ते म्हणाले. "अवघडलीस."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी गौतमीला खांद्यावर घेतलं आणि तिची पाठ थोपटत पाठमोरे झाले.

मी हात वर केला.

ठराव फेटाळला गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. महाडचे दुकानदार चपला शोधत होते आणि आमची माणसं त्यांना शोधायला मदत करत होती.

घरी आल्यावर आत्यांनी अप्पांना जितेशचा लेंगा दिला. तो त्यांना आखूड झाला. चुलीपुढे बसून ते चहा पीत होते. मी जवळ जाऊन बसले. आत्यांनी फुंकणीने जाळ केला आणि जाळाकडे बघतच म्हणाल्या, "आता दुकानाचं काय करायचा इचार हाय?"

"काय करणार? माळा आणखी वर बांधतो. मशीन वर चढवायला माणूस बघायचा."

"पावसाळाभर मशीन हितं आणा. ओटीवर जागा हाय. आमचं घर काय बुडत नाय."

"आणि गिऱ्हाईक?"

"का? आमी काय उघडं फिरतो?"

अप्पांना ठसका लागला. मग ते हसले. त्या दिवसात पहिल्यांदाच पोटातून हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. धुराने असेल.

"पन एक सांगून ठेवते व्याहीबुवा, पहाटेची खडखड नको. माझी झोप सावध हाय."

"दिवस उगवल्याशिवाय पाय लावणार नाही."

मी झोळी दोनदा साबणाने धुतली, तरी माशाचा वास गेला नाही. चुलीवर शेकून, अर्धी ओलसर होती तशीच बांधली. आत टाकल्याबरोबर गौतमीने नाक मुरडलं, जरा कुरकुरली आणि मग मुठी गालांशी घेऊन झोपली. अप्पा दोरी धरून झोका देत होते. मध्येच त्यांनी दोरी थांबवली, झोळीच्या कडेशी वाकले आणि उसवलेला एक टाका मला दाखवला.

"सुई-दोरा आण," ते म्हणाले. "ती झोपलीय तोवर घालून टाकतो."