दाराबाहेरच्या चिठ्ठ्या

१९८३ साली मी टेलिफोन कचेरीत कारकून होते. नव्या जोडण्यांच्या चिठ्ठ्या, नावपत्त्यासकट, लाइनमनच्या सोयीसाठी दाराबाहेर खिळ्याला टोचलेल्या असत. नवऱ्याच्या मारझोडीला कंटाळून पळालेल्या एका शिक्षिकेने मला विनवलं होतं, "ताई, माझा पत्ता कुणाला कळू देऊ नका." मी तिची चिठ्ठी खणात ठेवली. साहेबांनी ती काढून बाहेर टोचली. माग काढत आलेल्या नवऱ्याने ती वाचली आणि त्याच दिवशी तिचा हात मोडला.

"पत्ताच तर होता बाई, तिजोरीची किल्ली नव्हे!" साहेब चहा फुरकत म्हणाले. मला शिसारी आली.

पुढे साहेबांना बढती मिळाली. नवरा चार महिन्यांत तुरुंगातून सुटला. मी बदली मागून घेतली. शिक्षिकेने गाव सोडलं आणि पुन्हा कधी फोन घेतला नाही.