अव्वांच्या स्वेटरचा गळा

महांतेशदादांनी फोनवरच निकाल लावून टाकला. "रविवारी गाडी घेऊन येतो आणि अव्वाला खारघरला नेतो. आमच्याकडं थंडी नावाला पण नसते. शिवरात्र झाली की आणून सोडतो. आणि राजेश्वरी, महिना झाला ती खोकतीय. अख्ख्या मुरुम गावात तिला एक धड स्वेटर मिळत नाही का?"

फोन स्पीकरवर होता. समोर तिच्या सासूबाई, अव्वा, ज्वारी निवडत बसल्या होत्या. नाव शिवम्मा, पण घरात आणि गल्लीत सगळ्यांच्याच त्या अव्वा. त्यांनी सुपातून मान वर केली नाही, पण फोन बंद होताच तोंड उघडलं.

"म्या न्हाय जायची. अकराव्या मजल्यावरनं खाली बघितलं की पोटात कालवतंय. आन् दिवसभर बोलू कुणाशी? लिफ्टशी?"

राजेश्वरीला हसू आलं, पण धास्तीही वाटली. लग्न होऊन लोहाऱ्याहून या घरात आल्याला दोन वर्षं झाली होती. नवरा शिवप्रसाद माणूस सोन्यासारखा, पण त्याचं बोलणं म्हणजे "हां" आणि "बघू". या दोन शब्दांवर तीन महिने काढायचे म्हणजे जन्मठेपच. घरात गप्पा, चेष्टा, भांडण, जे काही होतं ते अव्वांमुळं होतं. शिवाय तो "धड स्वेटर" तिला चांगलाच झोंबला होता.

तिनं लगेच उलटा फोन लावला. "दादा, रविवारपर्यंत अव्वांच्या अंगावर स्वेटर टिकला तर?"

"टिकला तर राहू दे तिथंच. पण टिकायचा नाही. मला माहितीय ना माझी आई."

डॉक्टरांनीही एवढंच सांगितलं होतं: छाती झाका, गळा झाका, पहाटेचा गारठा अंगावर घेऊ नका. आता यात अवघड ते काय, असं राजेश्वरीला वाटलं. तिला अजून बरंच काही कळायचं होतं.

मंगळवारी संध्याकाळीच तिनं बाजारपेठेतून गोल गळ्याचा मरून स्वेटर आणला. अव्वांनी तो पदर बाजूला करून कसाबसा डोक्यातून घातला, दोन मिनिटांत काढला आणि म्हणाल्या, "ब्याड." म्हणजे नको. नकोसं काही असलं की अव्वांची कानडी बाहेर यायची आणि मग पुढं बोलण्यात अर्थ नसायचा. गळा आवळतोय, एवढंच कारण मिळालं.

बुधवारी राजेश्वरी एसटीनं उमरग्याला गेली. तिथं रस्त्याच्या कडेला तिबेटी बायका दर हिवाळ्यात स्वेटरांची दुकानं थाटतात. त्यातल्या एकीनं छान हिंदीत खात्री दिली, की ही व्ही गळ्याची फॅशन सगळ्या सासवांना आवडते. ही सासू सगळ्यांत मोडत नव्हती. "ह्यो कसला गळा? दार उघडं टाकून खिडकी लावल्यागत. सगळा वारा आत." परत ब्याड.

गुरुवारी पुन्हा उमरगा. तिबेटी बाईनं आता राजेश्वरीला नावानं हाक मारली आणि ढिगाच्या तळातून उंच गळ्याचा, जांभळा, लोण्यासारखा मऊ स्वेटर काढला. तो मात्र जमला. अव्वा त्यात संध्याकाळभर मिरवल्या. शेजारच्या शरणम्माकाकूंना मुद्दाम बोलावून बाहीला हात लावायला दिला. खोकलाही कमी वाटला. राजेश्वरीनं फोटो काढून दादांना धाडला, वर तीन टाळ्या चिकटवल्या. दादांचा नुसता अंगठा आला.

शुक्रवारी सकाळी स्वेटर घडी घालून खाटेवर पडलेला, आणि अव्वा पातळ पोलक्यात खोकून खोकून लाल झालेल्या.

"का काढला?"

"गरम झालं."

"पहाटे? तोंडातनं वाफ निघतीय अव्वा तुमच्या!"

"मंग न्हाय घालायचा मला. माझं अंग हाय का तुझं?"

राजेश्वरीचं टाळकं सटकलं. दिवसभर तिनं भांडी जरा जास्तच आवाज करून घासली. "तुमच्या आईला स्वेटर नकोय," ती शिवप्रसादला म्हणाली, "तीन वेळा जाऊन आले, तिन्ही वेळा नाक मुरडलं. जाऊ दे त्यांना खारघरला. माझं काय जातंय?" शिवप्रसाद म्हणाला, "बघू."

पण शनिवारी पहाटे ती गजर लावून उठली. खरं कारण काय ते तिला एकदा डोळ्यानं बघायचं होतं.

देवघराचं दार अर्धं उघडं होतं. अव्वा अंघोळ करून, कपाळावर भस्माची तीन बोटं ओढून मांडी घालून बसल्या होत्या. गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेल्या चांदीच्या चौक्यातून, त्या लहानशा पेटीतून, त्यांनी इष्टलिंग काढलं होतं आणि डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा चालली होती. स्वेटर बाजूला. असा तासभर त्या पोलक्यावरच बसत असणार. पूजा झाली, लिंग चौक्यात गेलं, चौका छातीवर आला. मग त्यांनी स्वेटर उचलला. एका हातानं चौका छातीशी घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं स्वेटर डोक्यातून ओढू लागल्या. तो उंच, घट्ट गळा दोऱ्याला अडकला; सोडवायला स्वेटर वर ओढला, तर दोराही सरसर वर, पार कानापर्यंत चढला. अव्वा होत्या तशा थिजल्या. डोळे मिटून त्यांनी बोटा-बोटानं दोरा खाली आणला, स्वेटर बाहेर काढला आणि घडी घालून ठेवून दिला.

जन्मल्यापासून एकाहत्तर वर्षं जे अंगावरून उतरलं नव्हतं, ते एका स्वेटरपायी डोक्यातून निघणार होतं.

राजेश्वरीला स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली. तीही लिंगायताचीच पोर. पण कॉलेजात ड्रेसच्या गळ्यातून दोरा दिसतो म्हणून तिनं आपलं लिंग डबीत ठेवलं होतं, ते डबीतच राहिलं होतं. दादांनीही कधीचं ठेवून दिलेलं. घरात ते कायम गळ्यात वागवणाऱ्या एकट्या अव्वा. राजेश्वरीनं तीन-तीन गळे पारखले होते ते स्वतःच्या रिकाम्या गळ्यावरून.

"अव्वा, सांगायचं न्हाय का हो मला?"

अव्वा दचकल्या. मग म्हणाल्या, "काय सांगू? लिंग अडचण करतंय म्हनू? जीभ झडंल माझी."

दुकान उघडायच्या आधीच राजेश्वरी शांतलिंग टेलरच्या फळीवर जाऊन बसली. शांतलिंगमामांकडं लग्नसराईच्या ब्लाउजांचा डोंगर साचलेला. त्यांनी चष्म्यावरून स्वेटरकडं बघितलं आणि मान हलवली. "ह्याला कात्री लावली की सगळं उसवत जातंय. न्हाय जमायचं."

तिनं पहाटेचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मामांचा हात आपोआप सदऱ्याच्या आत, छातीशी गेला. "आगं, मंग हे आधी बोलायचं की पोरी!" त्यांनी पुढच्या बाजूला वरपासून खालपर्यंत शेजारी-शेजारी दोन शिलाया मारल्या, मग मधून कात्री घातली. एक धागा उसवला नाही. दोन्ही कडांना सुती पट्टी, वारं शिरू नये म्हणून आतून एक पदर आणि हनुवटीपासून कमरेपर्यंत टिचबटणं. ब्लाउजवाल्या दोघी ताटकळत उभ्या होत्या. "थांबा," मामा त्यांना म्हणाले, "तुमचं लगीन परवा हाय."

रविवारी पहाटे अव्वांनी स्वेटर सदऱ्यासारखा बाह्यांतून घातला. डोकं नाही, ओढाताण नाही. पूजेच्या वेळी वरची चार बटणं टिच-टिच उघडली, लिंग तळहातावर आलं. खालची बटणं जागची हलली नाहीत. तासभर अव्वा उबेत बसल्या. पूजा संपल्यावर त्यांनी वळून बघितलं आणि दारातल्या राजेश्वरीचा गाल दोन बोटांनी जोरात ओढला. एवढ्यानंच तिचे डोळे भरून आले.

महांतेशदादा अकराच्या सुमाराला पोचले. अव्वा ओट्यावर स्वेटर घालून ताठ बसल्या होत्या. दादांनी पट्टी बघितली, बटणं बघितली, एक उघडून लावून पाहिलं. "हरलो बाबा," ते म्हणाले आणि हसले. राजेश्वरी आत गेली ती जवळजवळ नाचतच. गव्हाच्या गोड हुग्गीत तूप ओतताना शिवप्रसादला म्हणाली, "बघितलं का?" तो म्हणाला, "हां."

ताट वाढलंय सांगायला ती बाहेर आली, तेव्हा दादा गाडीपाशी एकटेच मोबाईल बघत उभे होते. तिनं सहज डोकावलं. फोटो एका खोलीचा होता. खिडकीशी नवी खाट, तीही बुटकी, अव्वांना चढायला सोपी. भिंतीवर पूर्वेकडं तोंड करून लाकडी देवघर, आत अजून काहीच मांडलेलं नव्हतं.

"गेल्या आठवड्यात बसवून घेतलं," दादा म्हणाले. "थंडीचं निमित्त होतं गं. अप्पा गेल्यापासून ती एकदा पण माझ्याकडं राहिली नाही. दर वेळी मीच पाहुण्यासारखा येतो, जेवतो आणि जातो."

 आठवडाभर राजेश्वरी कुणाशी लढत होती, हे तिनं आता पहिल्यांदा बघितलं. जिंकल्याचा सगळा आनंद कडू होऊन गेला. तिनं दादांच्या हातातून मोबाईल घेतला, तशीच ओट्यावर गेली आणि तो अव्वांच्या पुढ्यात धरला.

अव्वांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. मग त्या उठल्या आणि आतून आपली कापडी पिशवी घेऊन आल्या.

"महांत्या, थंडीसाठी न्हाय येत म्या. थंडी मिटली. लेकाकडं म्हनून येते. पंधरा दिस. सोळावा दिस न्हाय." मग राजेश्वरीकडं वळल्या. "आन् न्यायला तूच ये. ह्या बघूला धाडू नको."

दुपारी दोनच्या उन्हात गाडी निघाली. ओट्यावरची फरशी पायाला चटके देत होती. राजेश्वरी खिडकीशी वाकून म्हणाली, "अव्वा, आता तरी काढा तो स्वेटर. घामानं भिजाल."

"कोन काढतंय?" अव्वांनी गळ्याचं सगळ्यात वरचं बटण टिच्चून लावलं आणि पुढं हात केला. "महांत्या, ते तुझं गाडीतलं गार वारं सोड बघू. सगळं सोड."