चाकांच्या बुटांवरची फुगडी

जळगाव जामोदला सर्कशीचा तंबू लागला, तशी गोजरबाईनं त्याच्या दाराशीच भज्यांची कढई मांडली. नवऱ्यानं टाकलेली तिची भाची कोकिळा तिच्याच हाताखाली होती. पण तिचे डोळे सारखे कनातीच्या फटीत. आत लाकडी चौथऱ्यावर वेरा आणि निकोलाय ही रशियन भावंडं चाकांचे बूट घालून वाऱ्यासारखी फिरत. आपल्या मुलखात दोघांनी बर्फावर घसरत जोडीनं नाचायच्या स्पर्धा गाजवल्या होत्या, पदक मिळवलं होतं. मग तिकडे राज्य उलथलं आणि भावंडं चीनमार्गे कलकत्त्याला येऊन सर्कशीत शिरली. इकडे बर्फ कुठला? म्हणून पायांना चाकं लागली.

ऐन बाजाराच्या दिवशी निकोलायला हिवतापानं गाठलं. सर्कशीचा मालक शालिग्राम डोकं धरून बसला.

वेरा मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाली, "कोई औरत दो. हलकी. डरनेवाली नहीं."

"मले घ्या!" कोकिळानं झारा टाकला.

"काऊन वं, याड लागलं का तुले?" गोजरबाई ओरडली. "हातपाय मोडून घेशीन!"

"मावशी, फुगडीत मले आजलोक कोनं हरवलं हाय का?"

बूट बांधताच कोकिळाच्या पायाखालची जमीनच पळाली. ती आपटली, उठली, पुन्हा आपटली. खाटेवर कुडकुडणारा निकोलाय गोधडीतून हात काढून रशियनमध्ये काहीबाही सांगत होता. कोकिळा "हाव, हाव" म्हणत होती आणि पडत होती. वेरा हसून हसून खाली बसली. दुपार कलली तेव्हा कोकिळा उभी राहू लागली होती, आणि वेराच्या मते तेवढं पुरे होतं.

संध्याकाळी तंबू गच्च भरला. वेरानं कोकिळाची मनगटं पकडली आणि गरकन फिरली. तिचे पाय चौथऱ्यावरून उचलले गेले, अंबाडा सुटला. कंदील, माणसं, तंबूचे खांब यांचं एकच कडं झालं. ती किंचाळली आणि तिचं तिलाच कळलं, की आपण हसतो आहोत.

"सोडू नको वं बाई, पोरीले सोडू नको!" गोजरबाई बाकावर चढून ओरडत होती.

खाली उतरल्यावर झोकांड्या खात कोकिळानं वाकून नमस्कार केला, तो नेमका पुढच्या खेळासाठी आणलेल्या हत्तीला. लोकांनी शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेतला.

तंबू हलायच्या सुमारास निकोलाय बरा झाला. तरी वेरा कढईपाशी आली. "अब जोड़ी नहीं. तीन."

कोकिळानं मावशीकडे पाहिलं. गोजरबाईनं पदरानं नाक पुसलं. "नको म्हनलं तं थांबशीन का? जाय. त्या गोरीले म्हन, हात घट्ट धरजो."

नांदुऱ्याच्या स्टेशनाकडे बैलगाड्या निघाल्या. वाटेत कोकिळानं विचारलं, "बर्फ पे तुम कभी गिरी?"

"बहुत! पदक मिला, उस दिन भी."

"फिर पदक कैसे मिला?"

"बाकी सब ज़्यादा गिरे."

दोघी इतक्या हसल्या, की गाडीवानानं बैल थांबवले.