कपाळावरचे केस

आईने कंगवा बिट्टीच्या कपाळावरून खाली ओढला आणि सोडून दिला. केस क्षणभर बसले, मग भुवयांच्या चांगली तीन बोटं वर जाऊन ताठ उभे राहिले.

"हे कोणी केलं?"

आईच्या पार्लरच्या खुर्चीतल्या बिट्टीने आरशातून मागे पाहिलं. मागे, पर्स पोटाशी धरून, तिच्या बाबांची दुसरी बायको उभी होती.

"मी," ती म्हणाली. "डोळ्यांत जात होते हो तिच्या. म्हटलं, एवढंसं तर कापायचंय. आता उद्या शाळेत फोटो आहे. काही सावरता येईल का, ताई?"

बिट्टी तिला मावशी म्हणायची आणि मावशी आईला ताई म्हणायची. आईला सख्खी बहीण नव्हती. नवऱ्याने जाता जाता तेवढी सोय मात्र करून दिली होती.

"बघते," आई म्हणाली आणि बिट्टीच्या गळ्याभोवती कापड बांधायला लागली. खरं सांगायचं तर तिला मनातून आनंद झाला होता, आणि तो लपवायला तिला वाकून कापडाची गाठ दोनदा बांधावी लागली. मावशीने कापलेली रेघ तशी सरळ होती, पण नावडतीचं मीठ अळणी. शिवाय बिट्टीच्या डोक्याला जन्मापासून दुसऱ्या कोणाची कात्री लागली नव्हती. शाळा बाबांच्या घराजवळ, म्हणून बिट्टी पाच दिवस तिकडे राहायची. तिचा डबा, अभ्यास, सर्दीखोकला, परीक्षेच्या आदल्या दिवशीचं रडणं, सगळं हळूहळू तिकडे गेलं होतं. केस तेवढे इकडे राहिले होते.

तिने विरळ करायची कात्री घेतली. पुढचे केस थोडे हलके केले, बाजूला वळवले, वरून दोन बटा आणून त्यावर सोडल्या. बिट्टी नाक चोळत हसली. मावशी एकेक पाऊल करत खुर्चीच्या अगदी जवळ आली होती.

"मला दाखवाल का कसं करायचं ते? म्हणजे मध्येच वाढले तर तुम्हाला त्रास नको."

"त्रास कसला आलाय," आई म्हणाली, पण तिला विचारलेलं आवडलं. मावशी मोठ्या ऑफिसात होती, दिवसभर इंग्रजीत बोलायची, आणि इथे तिला कात्री धरता येत नव्हती. "आडवी नाही धरायची. टोक वर. आणि एकदम नाही, चिमणीने दाणे टिपावेत तसं थोडं थोडं." मावशीने आईच्या हातातली कात्री घेऊन रिकाम्या हवेत तसं करून पाहिलं. तिचा अंगठा चुकीच्या जागी होता. आईने तो धरून नीट केला. बाई वाईट नाही, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

मागच्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात हीच मावशी कोणाला तरी बिट्टीची ओळख करून देताना म्हणाली होती, "माय हजबंड्स डॉटर." आईने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवलं. नवऱ्याची मुलगी म्हणे! शेजाऱ्याची मांजर म्हणावं तसं! पण त्या रात्री तिला झोप मात्र छान लागली होती.

मावशीचा फोन वाजला. तिने तो खांद्याने कानाशी धरला, कारण हातात आईची कात्री होती.

"नो, नो, टुमॉरो," ती म्हणाली. "आय ॲम आउट विथ माय डॉटर."

माझी छत्री, माझी पिशवी म्हणावं इतक्या सहज. मावशीला आपण काय बोललो याचा पत्ताही नव्हता. आईने झटकन आरशात पाहिलं. बिट्टी कापडावर पडलेले केस फुंकरीने उडवत होती. ती दचकली नव्हती, तिने मानही वर केली नव्हती. म्हणजे हे तिने बऱ्याचदा ऐकलेलं होतं. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा!

फोन ठेवून मावशीने विचारलं, "आणि ताई, ओले करून कापायचे की कोरडे?"

ओले केस लांब दिसतात आणि वाळले की आखडतात. बिट्टीच्या कपाळाशी तर भोवरा होता, तिथे ओल्यावर कात्री लावली की केस बंड करून उठणारच. या धंद्यात शिकाऊ मुलींना पहिल्यांदा सांगतात ते हेच.

"ओले," आई म्हणाली. "चांगले निथळते ओले करायचे. मग रेघ सरळ येते."

"मी ओलेच केले होते," मावशी गोंधळून म्हणाली.

"मग कमी ओले झाले असतील."

मावशीने मान डोलावली. तिचा विश्वास बसला होता. आई कंगव्यातले केस काढायला लागली. कंगव्यात केस नव्हते. फुंकर मारायची थांबून बिट्टी आरशातून तिच्याकडे बघत होती, हे तिला मान वर न करताही कळत होतं.

"आई विसरली," बिट्टी मावशीला म्हणाली. "कोरडेच कापतात. आई माझे नेहमी कोरडेच कापते. दिवसभर इतकी गिऱ्हाइकं असतात ना तिला, मग दमली की ती विसरते."

"हो का, ताई?"

"कोरडे," आई म्हणाली. "विसरलेच बघा."

"मग माझं तिथेच चुकलं," मावशी खुशीत म्हणाली. "बरं झालं बाई, विचारलं ते. येते हं ताई, उशीर होतोय."

आईने कापडाची गाठ सोडली, मान झाडून दिली. बिट्टी खुर्चीतून उतरली. एरवी निघताना ती आईच्या कमरेला एकदा झोंबायची आणि सुटली की दाराकडे धूम ठोकायची. आज ती धावली नाही. मावशीने दार उघडलं, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत आला, तरी ती आईच्या पोटात डोकं खुपसून तशीच उभी राहिली आणि तिचा एक हात आईच्या पाठीवर हळूहळू थोपटत राहिला.