नामानिराळी

"तू फक्त उद्या पहाटे पाटाची मोरी उघडून पाणी आपल्याकडं वळवायचं. बाकी माझ्यावर सोड," थोरली जाऊ म्हणाली, तेव्हा धाकटीनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. मिरचीनं माना टाकल्या होत्या, भुईला बोट जाईल एवढ्या भेगा, आणि पाण्याची पाळी होती शेजारच्या गवंड्याची.

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालात, बाई. सापडले मी. दंड म्हणून तीन दिवस पाटातला गाळ मी उपसला. तुम्ही कुठं होतात?"

"मी नामानिराळी होते."

"म्हणजे?"

"अगं, दही आपण खायचं आणि वास शेजारणीच्या तोंडाला यायचा. माझ्या लुगड्यावर कधी चिखलाचा शिंतोडा पाहिलास?"

धाकटीनं खुरपं पुन्हा उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाचसहा जणी गिरणीत दळणाला बसलो होतो. थोरली आली, पायरीवर टेकली आणि कुणी विचारलं-पुसलं नसताना सुरू झाली, "गवंड्याचं पाणी कुणी वळवलं, मला बाई काही ठाऊक नाही. मी आपली इथं बसलेय. धाकटीचं मात्र सांगता येत नाही हो!"

"पाणी वळवलं?" रांगेतली गवंड्याची बायको डबा टाकून पळाली.

थोड्या वेळानं पाटाचं पाणी वाटणारा पाटकरीच गिरणीत आला. "पाणी गवंड्याच्या रानात खळखळतंय, मावशी. मोरी बंद. वळवायच्या आधीच तुम्हाला खबर कशी लागली?"

"मी... ते मागच्या महिन्याचं बोलत होते."

"मागच्या महिन्यात तर तुम्ही माहेरी होतात ना?"

गिरणीवाल्यानं पुढचं ऐकायला पट्टा थांबवला.

दुपारी थोरली पाटात, गुडघाभर चिखलात, दंडाचा गाळ उपसत. धाकटी जेवण घेऊन काठावर आली.

"मोरी उघडलीच नाहीस होय गं? मग मिरचीचं काय?"

"भिजतेय की. सकाळीच पाटकरीभाऊंकडं गेले, पाणी मागितलं. म्हणाले, गवंड्याचं रान बारापर्यंत भिजतं, मग तुम्ही घ्या."

"नुसतं मागितलंस?"

"नुसतं मागितलं."

थोरली हातातली पाटी तशीच धरून उभी राहिली. गाळाचं पाणी तिच्या कोपरावरून ओघळत होतं.

"वीस वर्षं झाली मला या घरात येऊन," ती म्हणाली, "मागितलं की मिळतं, हे एका मेल्यानं सांगू नये?"