चेंडू गेल्यावरही डोकं खाली

आमचे हे गेले तेव्हापासून माझ्या डोळ्यांतून टिपूस निघालेलं नाही. लेक म्हणते, "आई, तू रडल्याशिवाय मी माझ्या घरी जायची नाही." तिकडे तिची चिमुरडी बापाजवळ, आणि ही इथे माझ्या तोंडाकडे बघत बसलेली. रडू म्हणजे काय नळ आहे, सोडला की यायला? तिच्यासाठी मी मुद्दाम रडायला बसूनही पाहिलं. ढिम्म.

शेवटी तिने मला यांच्या गोल्फच्या मैदानावर आणून सोडलं. जरा हातपाय हलव म्हणाली. हातात काठी यांचीच.

यांना शिकवणारे मास्तर तिथेच होते. "वहिनी, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाका. गुडघे सैल. उंच स्टुलाला टेकल्यासारखं मागे जा. हात नुसते लोंबू देत."

मी वाकले. मास्तर बघतच राहिले. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. रोज सकाळी हे आरशासमोर असेच वाकून उभे. मला मेलं केर काढायला जागा नसायची."

"भाऊ उभे फार सुरेख राहायचे. चूक एकच. काठी चेंडूला लागते न लागते तोच डोकं वर. डोकं उठलं की पाठ उठते, सगळी मेहनत पाण्यात. सांगून सांगून थकलो."

"हट्टीच होते."

"हट्ट नाही हो. गेटकडे बघायचे. तुम्ही न्यायला यायच्या ना. म्हणायचे, ती हॉर्न मारत बसेल."

मारायचेच मी हॉर्न. उन्हात किती ताटकळायचं माणसाने? हे ऐकूनही मला काहीच वाटलं नाही.

डोकं हलवायचं नाही, एवढं तरी यांच्यापेक्षा नीट करून दाखवू म्हटलं. काठी मागे नेली, खाली आणली, आणि गेटवर हॉर्न वाजला.

माझं डोकं वर. चेंडू कुठे गेला देव जाणे. गाडी आमचीच होती, लेक न्यायला आली होती.

"तीच चूक, वहिनी," मास्तर हळूच म्हणाले. त्यांनी दुसरा चेंडू ठेवला.

मी पुन्हा वाकले. पाठ सरळ, गुडघे सैल, डोकं खाली. पण चेंडू दिसेना. डोळ्यांतलं पाणी टपटप गवतावर पडत होतं, आणि हॉर्न वाजतच होता.

"मास्तर, तिला जरा इकडे बोलवा," मी म्हटलं. "पोरीला घरी जायचंय."